चार बेस, चार टॉप आणि एक माणूस

हार्ड टेक्नोचा लाइव्ह सेट म्हणजे नुसता धांगडधिंगा, असं वाटतंय? मग अकोल्याच्या जुन्या शहरात डीजेच्या गाडीमागे लहानाचे मोठे झालेल्या दोघांनी पुण्यात एका रात्री काय ऐकलं, ते वाचाच!

अकोल्याच्या जुन्या शहरात ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे. डीजे ही वस्तू आहे. ती भाड्यानं मिळते, पिकअपवर बांधून येते, जनरेटरवर चालते आणि तिचं मोजमाप बेस-टॉपमध्ये होतं. ‘कितीचा डीजे सांगितला?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘चार बेस, चार टॉप.’ गाडीवर लॅपटॉपपुढे बसलेल्या पोराचं नाव कुणी विचारत नाही. चहावाला, मंडपवाला, तसा तो डीजेवाला!

पुण्या-मुंबईच्या क्लबात सगळं उलटं. तिथे डीजे म्हणजे माणूसच. पोस्टरवर त्याचं किंवा तिचं नाव ठळक असतं, लोक त्या नावासाठी तिकीट काढतात. स्पीकर किती आणि किती वॉटचे, याच्याशी गर्दीला काही देणंघेणं नसतं.

फरक वरवर शब्दांचा. पण गेल्या जूनमधल्या एका शनिवारी मी आमच्या दादाला घेऊन मुंढव्याकडच्या एका क्लबात हार्ड टेक्नोच्या सेटला गेले, आणि या एका शब्दात किती काय दडलंय ते आम्हा दोघांनाही दिसलं. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. वय चौतीस. बारा वर्षांपासून जुन्या शहरात डीजेचा धंदा. वराती, हळदी, जयंत्या, गणपती, सगळ्यांच्या सुपाऱ्या घेतो. पुण्यात तो आला होता तापकीर गल्लीत सेकंडहँड ॲम्प्लिफायर बघायला. माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं होतं. म्हटलं, चल! तिकिटाचा आकडा मात्र मी त्याला शेवटपर्यंत सांगितला नाही. त्यानं तेवढ्यात अख्खी हळद वाजवून दिली असती.

गच्चीवरून दिसणारी मिरवणूक

आधी थोडं आमच्या गावाविषयी. मोर्णा नदीनं अकोल्याचे दोन भाग केलेत. पूर्वेला कचेऱ्या, बाजार, नंतर वाढलेल्या कॉलन्या. पश्चिमेला जुनं शहर. असदगड किल्ला, अगर वेस, दहीहांडा वेस, ग्रामदैवत राजराजेश्वराचं देऊळ आणि त्याभोवती एकमेकांना खेटून उभ्या गल्ल्या. समोरासमोरच्या दोन गच्च्यांवरून लोणच्याची बरणी हातोहात द्यावी, इतक्या चिंचोळ्या.

या गल्ल्यांना ठेका नवा नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथे कावडयात्रा असते. आदल्या रात्री हजारो पोरं गांधीग्रामला पूर्णा नदीवर जातात, कावडीत पाणी भरतात आणि सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी चालत येऊन राजराजेश्वराला अभिषेक करतात. १९४४ साली दुष्काळ पडला तेव्हापासून ही प्रथा सुरू झाली, असं शहरात सांगतात. मोठ्या मंडळांच्या कावडींना शेकडो भरणे लावलेले असतात. असली कावड खांद्यावर घेऊन चालायचं तर सगळ्यांची पावलं एकाच वेळी पडावी लागतात. एक जण जरी चुकला तरी कावड हेलकावते. मग ‘हर्र बोला महादेव’चा गजर होतो आणि पावलं पुन्हा जुळतात. रात्रभर एकाच लयीत चालल्यावर अंगाचं काय होतं, हे जुन्या शहराला कुणी शिकवायला नको.

फक्त एक गोष्ट होती. आमच्या घरच्या मुलींसाठी मिरवणूक हा गच्चीवरून बघायचा प्रकार होता. कावड असो, गणपती असो की वरात असो. खाली दादाचा डीजे, त्यामागे नाचणारी पोरं आणि वर कठड्याला टेकून आम्ही. बेस छातीत जाणवायचा, पण पाय जागेवरच. त्यामुळे पुण्यात आल्यावर मी टेक्नोच्या नादी का लागले, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा माझं उत्तर एकदम सोपं असतं. मला खाली उतरायचं होतं.

हार्ड टेक्नो म्हणजे काय बुवा?

चार मात्रांचा साधा ठेका. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक मात्रेवर ‘किक’, म्हणजे बास ड्रमचा ठोका. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत हाय-हॅटची ‘च्छ’. बस्स, एवढाच पाया! क्लबातलं हाउस म्युझिक साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचं असतं. हार्ड टेक्नो १४५ च्या पुढे जातं, १५०-१६० हा रोजचा वेग. १५० धरलात तर सेकंदाला अडीच ठोके, तासाला नऊ हजार! वर ती किक मुद्दाम फाटलेली, खरखरीत केलेली असते. शब्द फार कमी. मुखडा-अंतरा नाहीच.

हे जन्मलं अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये, १९८० च्या दशकात. मोटारींच्या कारखान्यांचं शहर, कारखाने बंद पडत चाललेले. तिथल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तीन शाळकरी मित्रांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन वेगळंच काहीतरी घडवलं. त्यांच्या हाती लागलेल्या यंत्रांपैकी एक म्हणजे जपानच्या रोलँड कंपनीचं ‘टीआर-९०९’. १९८३ मध्ये आलेलं हे ड्रम मशीन खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फारसं खपलं नाही आणि लवकरच त्याचं उत्पादन थांबलं. सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळायला लागलं तेव्हा ते या मंडळींनी उचललं. टेक्नोची ती ओळखीची किक त्यातूनच आली.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमधल्या ओसाड इमारतींमध्ये हे संगीत शिरलं. १९९१ मध्ये ‘ट्रेझर’ नावाचा क्लब सुरू झाला, तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत! २०२४ मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. कोरोनानंतरच्या वर्षांत तर जगभर ठेका आणखी वेगवान झाला आणि हार्ड टेक्नोची लाट गोव्या-मुंबईमार्गे पुण्यापर्यंत पोचली.

आता यात आपला संबंध काय? भरपूर आहे! १९८२ मध्ये, म्हणजे शिकागोचं ॲसिड हाउस गाजायच्या पाच वर्षं आधी, मुंबईत चरणजितसिंग नावाच्या वादकानं याच रोलँडच्या ‘टीआर-८०८’ आणि ‘टीबी-३०३’ या यंत्रांवर दहा राग बसवले. एरवी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्याची रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे चाट पडले. विदर्भातल्या संदलच्या गाड्यांवर आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रात टणाटण वाजणारा ऑक्टोपॅड आठवतोय? तोसुद्धा रोलँडचाच, १९८५ चा. डेट्रॉइट आणि अकोला, दोघांचा वाजंत्रीवाला एकाच कारखान्यातून आलाय म्हणा ना!

‘गाणं कधी सुरू होईन?’

सेट सव्वाअकरा ते सव्वाएक. हातावर शिक्का, आत काळोख, धुराचं मशीन, काळे कपडे, रात्रीचे गॉगल आणि काही पोरींच्या हातात चक्क घडीचे पंखे. दादा पांढऱ्या शर्टात. अख्ख्या हॉलमध्ये तोच एकटा उठून दिसत होता.

आत शिरल्या शिरल्या त्यानं काय पाहिलं? स्पीकर. कोपऱ्यातल्या बास बॉक्सच्या जाळीवर हात ठेवून अंदाज घेतला आणि नाक मुरडलं, ‘आपल्यापेक्षा लहान हायेत.’

पहिली वीस मिनिटं कठीण असतात. हे मी आधीच सांगते, कारण बरीच मंडळी इथेच कंटाळून बारकडे वळतात. कान सवयीनं गाण्याची वाट बघत राहतो. आता शब्द येतील, आता ओळखीची चाल येईल. येत काहीच नाही. किक, किक, किक, किक. दादा माझ्या कानाशी येऊन ओरडला, ‘अवं, याचं तं अजून साउंड चेकच चालू हाय! गाणं कधी सुरू होईन?’

मी हसले, पण तो काही चुकीचं बोलत नव्हता. मिरवणुकीच्या धंद्यात ‘साउंड चेक’ नावाचे खास ट्रॅक असतात. सायरन, मध्येच एक आरोळी, मग जमीन हादरवणारा बास. दोन गाड्या समोरासमोर आल्या की हेच लावायचं आणि कुणाचा बेस भारी ते ठरवायचं. हार्ड टेक्नोचा मालमसाला थोडाफार तोच आहे. सायरनसुद्धा आहे! फरक असा, की तिथे दोन मिनिटांत समोरच्याला गार करायचं असतं आणि इथे दोन तास शेकडो लोकांना सोबत न्यायचं असतं.

मग केव्हातरी वाट बघणं थांबतं. माझं त्या रात्री साधारण अर्ध्या तासानं थांबलं. ठेका ऐकू येईनासा होतो, म्हणजे घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते तसा. तो आता बाहेर नसतोच, तळपायातून वर येतो. शर्टाची बाही फडफडते. गळ्याशी असलेलं पेंडंट थरथरतं. आणि ठेका असा मागे गेला, की बारीकसारीक गोष्टी पुढे येतात. हाय-हॅट जरा उघडी झाली. एक करकर डावीकडून आत शिरली. किकच्या मागे जी गुरगुर होती ती हळूच जाडी झाली. एरवी लक्षातही आली नसती अशी हालचाल तिथे वळणासारखी जाणवते.

मी डोळे मिटून नाचत होते. कुणाकडे बघून नाही, कुणासोबत नाही. टेक्नोच्या फ्लोअरवर सगळे साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, जोडीदार लागत नाही, स्टेप्स लागत नाहीत. त्या रात्री माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही, आणि यासारखं सुख नाही हो! गच्चीच्या कठड्यापाशी वीस वर्षं थांबलेले पाय होते ते. दीड तास थांबले नाहीत.

हात कुठे जातोय ते बघ

दादा नाचला नाही. तो पुढे सरकत सरकत थेट डीजेच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून हललाच नाही. नंतर त्यानं जे सांगितलं त्यातला निम्मा भाग मला फ्लोअरवर कळलाच नव्हता.

टेबलावर तीन डेक आणि मध्ये मिक्सर. एका वेळी दोन ट्रॅक, कधीकधी तिन्ही. वाजवणाऱ्यानं हेडफोन एकाच कानाला लावलेला. त्या कानात पुढचा ट्रॅक, दुसऱ्या कानात हॉल. दोन्हींचा वेग जुळवायचा आणि मग बदल करायचा, पण वाटेल तेव्हा नाही. दादानं बोटांवर मोजलं. बत्तीस ठोके झाले की काहीतरी हलतं. १५० च्या वेगात बत्तीस ठोके म्हणजे जेमतेम तेरा सेकंद. तेवढ्यात पुढचं ठरवायचं. नवीन ट्रॅक आत घेताना त्याचा बास पूर्ण बंद ठेवायचा. मग नेमक्या ठोक्याला जुन्याचा बास काढायचा आणि नव्याचा सोडायचा. दोन्ही बास एकदम वाजले तर आवाजाचा नुसता चिखल.

‘आपण एक गाणं संपलं की दुसरं लावतो,’ दादा म्हणाला. ‘हा संपूच देत नाही.’

आणि मग ती गोष्ट झाली. पाऊण वाजला असेल. हॉल अगदी टिपेला, आणि त्यानं बास काढून टाकला. एकदम. नव्वद मिनिटं तळपायात असलेली जमीन कुणीतरी काढून घ्यावी तसं झालं. उरली फक्त एक बारीक, हलती शीळ आणि लोकांच्या श्वासांचा, बुटांचा आवाज. अर्धा मिनिट. मिनिट. कुणी जागचं हललं नाही. उलट सगळे एक पाऊल पुढे झाले. शेकडो माणसं त्या न वाजणाऱ्या ठोक्यावर माना हलवत होती. ठोका हॉलमध्ये नव्हता, पण सगळ्यांच्या अंगात होता, आणि सगळ्यांचा एकच होता! डीजेनं मान वर केली, फ्लोअर बघितला, हात नॉबवर ठेवून आणखी थोडं ताणलं आणि मग किक सोडली. पुढचं काय सांगू? ओरडून माझा घसा बसला.

दादा मात्र टेबलाशी तसाच उभा. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य तेच, ‘बेस काढला तं लोकं पांगाले पाह्यजे. हे तं अजून जवळ येऊन राह्यले. कसं काय वं?’

आणि दुसरं वाक्य. ते त्यानं पार्किंगमध्ये, गाडीची किल्ली शोधताना म्हटलं. ‘पायलं का तू? त्यानं कानात बोळे घातले होते. वाजवणाराच बोळे घालून उभा हाय!’

दादाचे कान

इअरप्लग हा दादासाठी नुसता कुतूहलाचा विषय नव्हता. मागच्या गणपतीपासून त्याच्या उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते. रात्री सगळं शांत झालं की जास्त. अकोल्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी केली तेव्हा कागदावरची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेली निघाली. मोठ्या आवाजानं कान गेल्याची ही ठरलेली खूण. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी वरचे स्वर जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं अवघड होतं. दादाची मुलगी चार वर्षांची आहे. ती काही सांगायला लागली की तो तीन-तीनदा ‘काय म्हणते?’ करतो. मग ती कंटाळून आईकडे जाते.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं! जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये क्लब आणि कॉन्सर्टसाठी मानक काढलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, इअरप्लग मिळावेत आणि कानांना विश्रांतीसाठी शांत जागा असावी, असं सांगितलंय. क्लबात आपण दोन तास असतो. डीजेवाला अख्खी मिरवणूक त्या भिंतीला टेकून असतो.

आणि क्लबात आपण तिकीट काढून जातो, हा दुसरा मुद्दा. जुन्या शहरातल्या आमच्या आजीनं कुठलं तिकीट काढलंय? ५० हर्ट्झच्या बासची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. असल्या लांब लाटा खिडकीच्या कापडानं किंवा विटांच्या भिंतीनं अडत नाहीत. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आजीच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले आपोआप वाजायला लागतात. आजी त्यांच्यात फडकी कोंबून ठेवते. खाली वाजवणारा तिचा सख्खा नातू!

कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. २०१८ मध्ये ऐन गणपतीत मुंबई उच्च न्यायालयानं मिरवणुकांतल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला होता. दादाला हे सगळं पाठ आहे. पण मंडळाला बेस हवा असतो, आणि मंडळ पैसे देतं.

अर्धी गल्ली

पुढच्या गणपतीत मी घरी होते. यंदा गच्चीवर नाही, खाली, गाडीच्या मागे चार पावलांवर. घरातून एक-दोघांनी डोळे वटारले, मग आत्याच खाली आली आणि विषय मिटला.

दादाच्या कानात नारिंगी फोमचे बोळे होते. त्याच्या हाताखालची पोरं त्यावरून खिदळत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आली आणि दादानं बास काढला. फक्त टॉप ठेवले, त्यातही आवाज खाली. ढोलकीचा एक बारीक ठेका आणि टाळ्या. अध्यक्ष धावत आला, ‘बेस गेला का भाऊ?’ त्याला वाटलं ॲम्प्लिफायर बसला. दादा म्हणाला, ‘गेला नाही. आणतो. थांब.’

पोरं दोन-चार सेकंद गोंधळली. मग एकानं टाळ्या धरल्या. दुसऱ्यानं घोषणा दिली. आणि साऱ्यांचे पाय, शपथेवर सांगते, त्याच ठेक्यात पडत राहिले. अर्धी गल्ली अशी गेली. आजी खिडकीत येऊन उभी राहिली. एरवी ती खिडकी लावून घेते. गल्ली संपली, चौक आला, तिथे जागा मोकळी. दादानं गर्दीकडे बघितलं, हात वर करून चार मोजले आणि बास सोडला. मुंढव्यातल्या त्या आरोळीपेक्षा ही कमी नव्हती.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. दोन दिवसांनी दुसऱ्या मंडळासमोर हाच प्रयोग केला तर तिथल्या पोरांनी मध्येच गाडी थांबवली. ‘पैसे बेसचे देल्ले, टाळ्यांचे नाही,’ असं तोंडावर सांगितलं आणि हिशेबात काही रक्कम कापली. त्या मंडळाची पुढची सुपारी दुसऱ्याकडे गेली, सहा बेसवाल्याकडे. दादाच्या कानातली शिट्टीही गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आहे ते सांभाळा.

पण त्यानं तापकीर गल्लीतून ॲम्प्लिफायर घेतलाच नाही. त्या पैशांत जुना पण चांगला मिक्सर घेतला, प्रत्येक चॅनलचा बास वेगळा कापता येतो असा. दुपारी गोडाऊनमध्ये हेडफोन एका कानाला लावून बत्तीस मोजत बसतो. मी फोन केला तर म्हणतो, ‘थांब वं जरा, मोजून राह्यलो.’

जाताय? मग हे लक्षात ठेवा!

इअरप्लग: फोमचे बोळे मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर ओढा, आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. बास अंगात तसाच जाणवतो, फक्त कानाला धार लागत नाही.

जागा: स्पीकरच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे शौर्य नव्हे. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभे राहा. तो तिथूनच आवाज जुळवत असतो, म्हणजे सगळ्यात नीट तिथेच ऐकू येतं.

पहिली वीस मिनिटं: गाण्याची वाट बघू नका. बत्तीस मोजा, काय बदलतंय ते शोधा.

ब्रेक: दर तासाला दहा-पंधरा मिनिटं बाहेर. पाणी प्या. कानांनाही दम लागतो.

दुसऱ्या दिवशी: कानात शिट्टी किंवा दडे बसल्यासारखं दिवसभरात गेलं नाही, तर कानाच्या डॉक्टरकडे जा. अचानक ऐकू येणंच कमी झालं तर वाट न बघता, त्याच दिवशी.

आणि मिरवणुकीत असाल तर: गाडीवर बसलेल्या त्या पोराला त्याचं नाव विचारा. मग गल्लीत बास कमी करायला सांगणं सोपं जातं.